दादासाठी चाखलेली वाइन

माझा पुतण्या अमेय जर्मनीतच वाढला. मराठी त्याला सगळं समजतं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. त्या सकाळी एर्लांगेनहून त्याचा फोन आला तेव्हा मी रेगेन्सबर्गला बसस्टॉपवर उभा होतो. "काका, बाबा गेले," तो मराठीत म्हणाला. बस आली, दारं उघडली, मिटली आणि गेली…

अनंतदादा, माझा थोरला भाऊ, पुण्यात असताना ताकापलीकडे काही प्यायला नव्हता. एर्लांगेनला इंजिनिअर म्हणून आला आणि एका सहकाऱ्यामुळे वाइनच्या नादी लागला. नाद पिण्याचा कमी, ओळखण्याचा जास्त. द्राक्षं टेकडीच्या कुठल्या उतारावरची, तिथली माती कशी, हे तो तासन् तास सांगायचा. निवृत्तीनंतरसाठी त्याने फ्रान्समधल्या बरगंडीची एक खास वाइन-सहल ठरवली होती. मुक्काम जुन्या गढीत, सोबत गाइड, आणि एरवी बंद असणारी तळघरं आपल्यासाठी उघडणार. त्याआधीच घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशननंतर जिभेची चव गेली, आणि काही महिन्यांनी दुखणं परत आलं. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं फारसं नाही. सहल रद्द करू का, असं मी विचारलं, तर दादा नेहमीच्या जर्मन सवयीने म्हणाला, "आल्झो, म्हणजे आता तर जायलाच हवं. तू चल हाताशी."

पहिल्याच तळघरात गाइडबाईंनी ग्लास भरले आणि काळी चेरी, ओला दगड असं काहीबाही सांगू लागल्या. दादाने घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग ग्लास खाली ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाला, "कोमट पाणी रे." तेवढ्यात सोबत आलेल्या मेधावहिनींनी त्याचा ग्लास उचलला. इतकी वर्षं जर्मनीत राहून त्यांनी वाइनला ओठ लावला नव्हता.

"अहो, थांबा. मी सांगते." त्यांनी तोंड वाकडं करत घोट गिळला. "आधी आमसुलासारखं आंबट. मग तुरट… जांभळाची बी चावल्यासारखं."

दादाने डोळे मिटले. "आणि शेवटी?"

"ओल्या गोणपाटाचा वास."

दादा हसला. कित्येक महिन्यांनी हसला.

मग प्रत्येक तळघरात हेच. वहिनी चाखायच्या, सांगायच्या, तो ऐकायचा. शेवटच्या दिवशी मात्र त्याला पायऱ्या उतरवेनात. आम्ही वरच, द्राक्षमळ्याच्या दगडी कुंपणावर त्याला टेकवलं आणि गाइडबाईंनी ग्लास तिथे आणून दिले. वहिनींनी घोट घेतला आणि ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला.

"सांग ना," दादा म्हणाला.

"गोड आहे," वहिनी म्हणाल्या.

माझ्या हातातही तीच वाइन होती. आंबटढाण. दादा वहिनींकडे पाहत राहिला. "खोटं बोलतेस."

"हो," त्या म्हणाल्या, आणि दोघंही समोरच्या मळ्याकडे बघत बसले. मी ग्लास धरून नुसता उभा… मला त्याच्यासाठी एवढंही करता येत नव्हतं.

गेल्या रविवारी एर्लांगेनला गेलो होतो. चव गेल्यापासून दादा प्रत्येक घासावर मीठ घालायचा, म्हणून मिठाची बरणी त्याच्या ताटाजवळच असायची. ती अजून तिथेच आहे. वहिनींनी आमटी केली होती, त्यात मीठ घालायला विसरल्या होत्या. अमेयच्या लक्षात आलं, माझ्या आलं, त्यांच्याही आलं असेल. बरणीला कुणीच हात लावला नाही. आम्ही तिघं तशीच अळणी आमटी जेवलो.