पी.पी. नंबर

आज आईसाठी दवाखान्याच्या अ‍ॅपवर माझा मोबाइल नंबर भरताना जुना ‘पी.पी.’ आठवला, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. तेव्हा बाबांची मिल बंद झाली होती, कापसाच्या धुळीने बाबांची छाती भरली होती. पलंग रिकामा झाला की कळवू म्हणणाऱ्या हॉस्पिटलला मी शेजारच्या काकूंचा नंबर दिला होता. त्या दुपारी काकू कुलूप लावून अन्नपूर्णेच्या देवळात गेल्या आणि भिंतीपलीकडे फोन वाजत राहिला. “काय भिया, बड्या लोकांचा फोन, दिनभर वाजतो!” बाबा खोकत हसले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातल्या बाई म्हणाल्या, “फोन किया था, किसी ने उठाया नहीं. पलंग दे दिया.” घरी मी सांगितलं, “अजून आपला नंबर लागला नाही.” पंधरा दिवसांनी बाबा गेले. ती घंटी आपली होती, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.