सव्वा मूठ गहू

आमच्या घरी कोणी बाई रडत आली, की माय आधी तिच्यापुढे लसणानं भरलेलं सूप सरकवायची. पाणी, चहा, विचारपूस सगळं नंतर. बाई डोळे पुसत पुसत एक पाकळी सोलायची, मग दुसरी, आणि चार पाकळ्या होईपर्यंत आपसूक बोलायला लागायची. माय समोर बसून तिच्याबरोबर सोलत राहायची. मध्ये बोलायची नाही. "हातले काम दिधं का तोंड मोकळं व्हस," असं तिचं म्हणणं होतं. आमच्या धुळ्याकडच्या गावात घरोघर अहिराणीच चालते. मायचे शब्द तसेच लिहिले नाहीत तर ते मला तिचे वाटत नाहीत.

सगळं ऐकून झालं, की बाई विचारायची, "मंग मी काय करू, माय?" मायचं उत्तर ठरलेलं असायचं. "सकाळे दिवा लावसू, मंग सांगसू."

त्या दिवशीचा सल्ला त्या दिवशी ती कधीच द्यायची नाही. पहाटे आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे बसायची. आमच्या देव्हाऱ्यात कानबाईचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नारळ होता, लाल कापडात बांधलेला. खानदेशात कानबाई म्हणजे घरची देवी. श्रावणातल्या एका रविवारी तिला नथ-पातळ नेसवून बसवायचं आणि सोमवारी नदीवर पोहोचवायचं, नारळ तेवढा परत आणायचा. इतर दिवशी ती त्या कापडात विसावलेली असायची आणि माय तिच्याशी मोठ्या जावेशी बोलावं तशी बोलायची. कुणाचं नाव घेऊन, कुणाची बाजू सांगून, कधी थोडं भांडूनसुद्धा. लहानपणी मला वाटायचं, देवी तिला खरंच काहीतरी सांगते. आता वाटतं, एक रात्र मध्ये गेली की रागातला गाळ खाली बसतो, हे मायला ठाऊक होतं. पण ती असं म्हणाली नसती. ती म्हणाली असती, "कानबाई सांगस, मी फक्त पोचाडस."

माय चौथी शिकलेली. मी आमच्या भाऊबंदकीतली पहिली पदवीधर. बारावीनंतर मला धुळ्याला पाठवायचं की नाही यावरून घरात बरेच दिवस कुजबुज चालली होती. एका पहाटे दिवा लावून माय उठली आणि नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाली, "पोरना डबा आजपाईन बांधस." झालं. रोज पहिल्या एसटीनं मी धुळ्याला जायचे ती त्या डब्यासकट. तिथे पुस्तकात मला समुपदेशन हा शब्द भेटला. मी घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं, "माय, तू जे करतेस ना, त्याला समुपदेशन म्हणतात." ती भाकरी थापत होती. हसून म्हणाली, "लसूण सोलाडनारीले इतलं मोठं नाव?"

या सगळ्यात एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सासरी त्रास आहे म्हणून माहेरी आलेल्या लेकींना मायचा सल्ला बहुतेक वेळा एकच असायचा: थोडं थांब, समजून घे, परत जा. कुठे ती स्वतः सोबत जायची, सासूशी बोलायची, आणि बऱ्याच घरी त्यानं भलंही झालं. त्यामुळे गावात तिचा शब्द चालायचा.

मग माझी मोठी बहीण आली.

अक्काला रावेरकडे दिलं होतं. केळीची बागायत, दारात ट्रॅक्टर, पाहुणे बोलायला गोड. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती आली तेव्हा तिची बोली बदललेली होती. आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात, तिकडे 'हाये'. आम्ही तिला चिडवायचो, "व्हयनी वं तू रावेरनी!" ती हसली नाही. दोन दिवसांनी तिनं मायला सांगितलं, की नवरा हात उचलतो आणि तिला परत जायचं नाही.

मायनं तिच्यापुढेही लसूण ठेवला. सकाळी दिवा लावला. आणि तिला सांगितलं, जा.

मी तेव्हा खूप भांडले. माय एवढंच म्हणाली, की लोकांच्या पोरींना एक सांगायचं आणि आपल्या पोरीला दुसरं, हे तिला जमणार नाही. आपली म्हणून तिला वेगळं माप लावलं तर तिच्या शब्दाला काय अर्थ राहिला? ती मनापासून बोलत होती. अक्कानं पिशवी उचलली. जावईबापू साडी-नारळ घेऊन न्यायला आले होते, नानांच्या पाया पडले, चहा प्याले आणि तिला घेऊन गेले.

वैशाखात अखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो. त्या दिवसांत सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, लिंबाला दोर बांधून झोके घेतात, गाणी म्हणतात. अक्काही आली. या वेळी ती काहीच बोलली नाही. सांजोऱ्या तळल्या, मैत्रिणींना भेटली. संध्याकाळी सगळ्या जणी झोक्याकडे निघाल्या. अक्काची पाळी आली तशी ती मागे सरकू लागली. मैत्रिणींनी तिला धरून बसवलं. एका हातानं तिनं दोर धरला. दुसरा हात वर जाईना. मोडलेलं मनगट वाकडं जुळलेलं होतं, मूठ मिटत नव्हती. "बठ ना वं नीट, पडशी!" कोणीतरी ओरडलं. अक्का उतरली आणि पदर सारखा करत बाजूला उभी राहिली.

माय तिथेच होती, हातात सांजोऱ्यांचं ताट घेऊन. तिनं पाहिलं. ती ताट तसंच घेऊन घरी आली. त्या संध्याकाळी तिनं लसणाचं सूप काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती देव्हाऱ्यापुढे बसली आणि उन्हं अंगणात येईपर्यंत उठली नाही. उठली तेव्हा अक्का उंबऱ्यात उभी होती.

"माय, आते सांग. जाऊ का?"

"थांब," माय म्हणाली. "अजून सांगं नही तिनी."

आठवड्याभरानं माय एकटीच रावेरला गेली. दोन दिवस राहून आली. तिथे तिनं काय केलं हे आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलं. ती अक्काच्या सासूजवळ स्वयंपाकघरात बसली, भाजी निवडली, गप्पा मारल्या. आणि निवडता निवडता त्या सासूनंच सांगितलं, "आमच्या टायमालेबी असंच व्हतं, बाई. सवय होऊन जाते." असं म्हणताना तिनं आपल्या कोपरावरचा जुना वण दाखवला, एखादा दागिना दाखवावा तसा. माय सांगत होती, तो वण पाहिल्यावर तिच्या हातातली भाजी तशीच राहिली.

तरी सल्ला आला नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. गावाला तर हे आयतंच मिळालं. पाण्याच्या टाकीजवळ बायका म्हणायच्या, "जगले एक रातमा उत्तर देस, आनि घरनी पोरना दिवा अजून लागना नही का वं?" माय हंडा डोक्यावर ठेवून निघून यायची. अक्का घरात पोतेरं घालायची, भांडी घासायची, आणि कुणाची मोटरसायकल दाराशी थांबली की आतल्या खोलीत जायची. एकदा ती मला म्हणाली, "मी इथे काय आहे, तेच मला कळत नाही. पाहुणी पण नाही, घरची पण नाही."

मग श्रावणात कानबाई आली.

आमच्याकडे कानबाईला रोट, म्हणजे गुळाच्या जाड पोळ्या, असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, सगळे एकत्र दळायचे आणि त्या पिठाचे रोट करून भाऊबंदकीनं एकत्र बसून खायचे. एरवी बोलत नसलेले चुलत भाऊही त्या दिवशी एका पंगतीला येतात. बाहेरच्याला त्यातला घास देत नाहीत. आणि लग्न होऊन गेलेली लेक ही आमच्या रीतीत बाहेरची. लग्नाआधी आम्हा मुलींना रोट खायला मिळायचा, पण आमच्या नावाची मूठ कधी पडली नाही.

गहू मोजण्याचं काम मायचं. ओसरीत सगळे जमले होते. नानांचे मोठे भाऊ, आमचे आबा, खांबाला टेकून बसले होते. माय एकेका पुरुषाचं नाव घेत मूठ भरून टोपलीत सोडत होती, वर पाव मुठीची चिमूट. आबांचं नाव, नानांचं, चुलत्यांचं, भावाचं, पाळण्यातल्या पुतण्याचंसुद्धा. शेवटचं नाव झालं. सगळे उठायला लागले.

मायनं पुन्हा गव्हात हात घातला. मूठ भरली, अक्काचं नाव घेतलं आणि टोपलीत सोडली. वर चिमूट.

उठणारे पुन्हा खाली बसले. आबा म्हणाले, "आंडेरनी मूठ कधीपाईन पडाले लागनी?" आंडेर म्हणजे लेक.

माय आबांशी समोरासमोर कधी बोलत नसे. थोरले दीर होते ते. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि नानांकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आबासले सांगा, जी घरमा ऱ्हास तिनी मूठ पडस. ती आते आठेच ऱ्हाई."

"हाई रीत नही."

"मंग काढा म्हना निवडीसन," माय म्हणाली, आणि टोपली तिनं पुढे सरकवली. "तिना दाना कोनता शे ते."

कुणीही पुढे झालं नाही. गव्हात गहू मिसळला होता. आबा उठले, पायताणं घातली आणि निघून गेले. नाना इतका वेळ खाली पाहत बसले होते. त्यांनी टोपली उचलली आणि स्वतः गिरणीवर नेली. मी वळून पाहिलं तर अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हेच मायचं उत्तर होतं. अखाजीपासून अक्का त्याचीच वाट पाहत होती.

आता प्रश्न आबांचा होता. भाऊबंदकीतला एक जरी रोट न खाता राहिला, तर कानबाई अर्धी राहिली असं मानतात. आबा आले नसते तर दोष अक्काच्या माथी आला असता, जन्मभर. रोटांची पंगत बसली, पानं वाढून झाली, आबांची जागा रिकामी. माय चुलीपाशी बसून पुटपुटत होती. देवीशी भांडत होती बहुतेक.

आबा आले. हात धुतले, बसले. अक्का पंगतीत वाढत होती. त्यांच्या पानासमोर येऊन ती थांबली. त्यांनी मान वर न करता पान पुढे केलं. रोटाचा एक घास खाल्ला, सावकाश चावला, आणि म्हणाले, "एक मूठ वाढनी, मंग गूळ वाढाडाले काय व्हयनं व्हतं?"

आधी चुलते हसले, मग सगळी पंगत. स्वयंपाकघरात मायनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला आजही सांगता येणार नाही.

अक्का परत गेली नाही. पुढे रीतसर फारकत झाली, तिनं राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं आणि आता ती शेजारच्या गावात अंगणवाडीत आहे. मायच्या सल्ल्याची पद्धत तीच राहिली, लसूण तोच, दिवा तोच. पण त्यानंतर तिनं कुठल्याही लेकीला आधीच 'जा' म्हटलं नाही. आधी विचारायची, "तुले तठे झोप लागस का?" उत्तर यायला वेळ लागला, तर तेच उत्तर समजायची. दिवाळीत आपण अक्काला धाडलं, याबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. म्हणाली, की सगळ्यांना एकच माप लावणं तिला न्याय वाटत होतं, पण माणूस काही गहू नाही.

माय गेली ते वर्ष सुतकाचं, त्यामुळे रोट झाले नाहीत. यंदा पुन्हा करायचे ठरले. मी आता जळगावला मेहरूणमध्ये राहते. अक्काचा फोन आला. "तू जा. मी येत नाही. मायनं मूठ टाकली, मायपुरती चालली. आता वहिनीला संकटात कशाला टाकायचं?" मी तिचं ऐकलं नाही. वाटेत तिच्या गावी उतरले आणि तिला घेऊनच गेले. बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती आणि वाकड्या मनगटावर दुसरा हात ठेवून बसली होती.

ओसरीत वहिनी गहू घेऊन बसली होती. आबा फार थकलेत, नीट दिसत नाही. पण नावं आता तेच सांगतात. ते एकेक नाव घेत होते, वहिनी मूठ सोडत होती. आबांचं, चुलत्यांचं, भावाचं, मोठ्या झालेल्या पुतण्याचं. नानांचं नाव आता यादीत नाही. शेवटचं नाव झालं. वहिनीचा हात गव्हावर थांबला. ती अक्काकडे पाहत होती, अक्का जमिनीकडे.

मग आबांनी घसा साफ केला आणि एक नाव घेतलं. आम्हाला आधी कळलंच नाही कुणाचं ते. अक्काचं पाळण्यातलं नाव होतं ते, लहानपणी तिला त्याच नावानं हाक मारायचे आणि पुढे सगळेच विसरून गेले होते.

वहिनीनं मूठ भरली.

"चिमूट ऱ्हायनी वर," आबा म्हणाले. "आनि गूळ पाहीसन टाका यंदा."