दहा मिनिटं पुढे

चहावर साय धरली, तरी यांचं शर्टाचं दुसरंच बटण चाललं होतं. "अहो, चहा गार झाला." हे म्हणाले, "आत्ताच तर ओतलास!" खोटं बोलत नव्हते. यांना कंपवात आहे; त्यात मेंदूतलं एक रसायन आटतं. त्याबरोबर आतली वेळही संथ होत असेल. यांचा क्षण आमच्यापेक्षा लांब असेल, तर चुकतंय कोण?

डॉक्टरकडे न्यायला आलेले दीर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत ओरडले, "दादा, दहा वाजले! वेळेचं भान आहे का तुला?"

माझं डोकंच फिरलं. उशीर नको म्हणून ते घड्याळ आम्हीच दहा मिनिटं पुढे ठेवलेलं. अख्खं घर त्या खोट्या वेळेमागे धावतं, आणि भान यांना नाही म्हणे! घड्याळ काढून मी दिरांच्या हातात कोंबलं.

"भाऊजी, आधी याला न्या डॉक्टरकडे."