दुआन यूहायच्या अंगणातलं अकरा वर्षांचं फूल

त्सांगशान डोंगरावरचं धुकं वर सरकलं आणि दुआन यूहायचं अंगण उजेडात आलं. मधोमध दगडी बाकावर एक कुंडी, तिच्यात हिरवट-तांबूस ऑर्किडची एकच दांडी. बाजूला चहा ओतणारा सत्तरीतला दुआन. आणि प्रवेश डॉक्टर ज्यांग यांचा! कुनमिंगहून आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ, बूट कोरे करकरीत, चिखलाशी ओळख नसलेले. मागे वनखात्याचा माणूस, हातात रिकामी पेटी.

पेटी कशाला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. रानातलं ऑर्किड उपटणं गुन्हा. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी या झाडाचं एक पान तपासायला नेलं होतं.

"दुआनकाका, पानातल्या हरितलवकाचा जीनोम आम्ही अक्षर न् अक्षर वाचला. वरच्या दरीतल्या रानटी जातीशी तंतोतंत जुळतो. झाड चोरीचं आहे."

"जुळणारच! याची आई त्याच जातीची. ती बघा भिंतीशी, आजोबांच्या काळापासून आहे. तिच्या फुलात मी दात कोरायच्या काडीनं लाल ऑर्किडचे पराग ठेवले. बी तिच्याच मुळाशी पेरलं. फूल यायला अकरा वर्षं लागली."

"जीनोम खोटं बोलत नाही, काका."

"नसेल. पण तुम्ही अर्धंच ऐकलंत. पट्टेरी पानांची रोपं हवी असली तर आम्ही आई पट्टेरी निवडतो. आई हिरवी असली, तर बाप कितीही पट्टेरी असू दे, रोपं हिरवीच निघतात. पानातला हिरवेपणा आईकडून येतो, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. दुसरं पान न्या, बापाकडचं काय आलंय तेही वाचा."

डॉक्टरांचे कान लाल झाले. हे ते स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवत होते. पण ऑर्किडांच्या वंशवृक्षाचा तक्ता छापून झाला होता, आणि त्यात या कुंडीला रानटी जातीतली एक फांदी मिळाली होती. कागदावरची फांदी वाचवायला अंगणातलं झाड गेलं तरी या विद्वानाला चालणार होतं.

"अहवाल गेलाय," ते पुटपुटले. वनखात्याच्या माणसानं मान खाली घालून कुंडी पेटीत ठेवली.

दुआन हात जोडणार नव्हता. असल्या माणसापुढे तर नाहीच. आवाज ऐकून त्याची मुलगी श्युलान दारात आली, अगदी बापाचंच पसरट नाक घेऊन. दुआननं तिला हात धरून पुढे आणलं.

"डॉक्टर, ही माझी लेक. जाता जाता हिलाही तपासून जा. तुमच्या हिशेबानं हिला बापच नाही."