नळ आल्यामुळं कामकाज तहकूब

आमच्या फौजदारांइतका पाषाणहृदयी माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि हे मी अकरा वेळा त्यांच्या कोठडीत बसून आल्यावर सांगतोय. कोठडी खोटी होती, फौजदारही खोटेच. खरा होता तो माझा सुटीचा दिवस, आणि तो त्यांनी अकरा वेळा खाल्ला. एरवी हे गृहस्थ पुंडलिकनगरात राहायचे आणि कोर्टाबाहेर टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे. पण आठवड्यातून एक दुपार आम्ही चाळीसेक जण आपापल्या ठिकाणाहून कॉम्प्युटरवर एक शहर खेळायचो. कोणी डॉक्टर, कोणी रिक्षावाला, आणि हे कायम फौजदार. खेळ सुरू होताना कॉम्प्युटर गुपचूप तिघांना खलनायक नेमायचा. म्हणजे चोरी ही माझी हौस नव्हती, लावून दिलेली ड्यूटी होती. एवढी साधी गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात कधी शिरली नाही.

दुसरा एखादा फौजदार चोराला दहा मिनिटं कोंडतो आणि सोडतो. चोर पुन्हा चोरी करतो, पुन्हा पळापळ, सगळ्यांचीच मजा. आमचे फौजदार आधी पंचनामा टाइप करायचे. मी एकदा सायकल चोरली तर तिच्या घंटीच्या वर्णनाला चार ओळी! आणि शिक्षा काय, तर खेळ संपेपर्यंत कोठडी. बजाजनगरच्या इंटरनेट कॅफेत बसून मी दोन दोन तास पडद्यावरच्या चार भिंती बघायचो. एकदा संतापून माईकवर म्हणालो, "फौजदार, आम्ही चोर आहोत म्हणून तुमच्या कमरेला पट्टा आहे!" तर म्हणाले, "आरोपी, अदबीनं बोला. शिक्षेची भीती नसली तर चोरीत काय राम राहिला? भाजी आणल्यासारखी चोरी करताल तुम्ही." शिवी दिली असती तरी परवडलं असतं, पण हे चोरालाही अहो-जाहो करणार. त्यानं अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा.

त्यांचं एकच मर्म होतं, नळ. दुष्काळाची वर्षं ती. शहर चहूकडं वाढत होतं आणि पाईप जुनेच होते. पुंडलिकनगरला आठवडा आठवडा पाणी नसायचं, आणि यायचं ते वेळ न सांगता. खेळ ऐन रंगात आला की त्यांच्या घरातून काकूंची हाक यायची, "अहो, नळ आले!" लगेच फौजदार माईकवर जाहीर करायचे, "नळ आल्यामुळं कामकाज तहकूब. चोरांनो, आपापल्या जागी बसून राहा." माईक चालूच राहायचा. तिकडून पिपं घासल्याचा आवाज, आणि इकडं आम्ही अख्खं शहर धुऊन न्यायचो. परत आल्यावर ते खरोखर दुखावून म्हणायचे, "बसा म्हणलं होतं ना?"

बाराव्यांदा खलनायक निघालो तेव्हा माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. खजिन्याच्या दारात ते खांबासारखे उभे. मी माईकवर थाप मारली, "फौजदार, माझा एक मित्र तुमच्याच गल्लीत राहतो. नळ आलेत म्हणतोय." "व्हय?" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी खजिना साफ केला. कॅफेत टाळ्या पडल्या.

पंधरा मिनिटांनी ते परत आले. पंचनामा नाही, 'आरोपी' नाही. नुसतं म्हणाले, "मी दोन पिपं ओतून दिली हो. नवं येतंय म्हणून शिळं ओतून दिलं."

कॅफेतला दंगा थांबला. टँकरचं पाणी मी रोज तिसऱ्या मजल्यावर चढवत होतो. दोन पिपं म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको होतं.

मग ते पेटले. "चोरानं खजिना फोडावा. माझ्या घरचं पाणी हे खेळातलं नाय! या माणसाला कायमचा काढा." सर्व्हर चालवणारा म्हणाला, "फौजदार म्हणतील तसं." शाळा सोडून पार अहेरीच्या पुढून आलेला मी. कंपनीत दिवसभर पत्रा आपटल्याचा आवाज, कोणाशी बोलणं नाही. ते खोटं शहर सुटलं असतं तर या खऱ्या शहरात मला हाक मारणारं कोणी उरलं नसतं.

"आधी पंचनामा करा," मी कसंबसं म्हणालो. "कायदा तुमचाच आहे."

तिकडून कीबोर्ड पुढं ओढल्याचा आवाज आला. मग टकटक सुरू झाली.

"नाव?" मी खरं सांगितलं.

"शिक्षण?"

"नववी. अर्धी."

"मूळ गाव?" सांगितलं.

"इतक्या लांबून? तिकडं पाणी कोण भरतं?"

"आई."

हा प्रश्न कुठल्याच पंचनाम्यात नसतो. टकटक थांबली. मग निकाल आला: "हद्दपारी रद्द. आरोपीनं पुढचे सहा खेळ फौजदाराचा कारकून म्हणून पंचनामे लिहावेत. शुद्धलेखनाला माफी नाय."

माझा राग अजून गेलेला नाही. सहा खेळ एकही चोरी नाही! एका 'दिनांक'साठी त्या माणसानं मला चारदा लिहायला लावलं. मी चोराला दहा मिनिटं लिहिली की ते खोडून 'खेळ संपेपर्यंत' करायचे, आणि आम्ही भर ठाण्यात भांडायचो. सहा खेळांची दोन वर्षं झाली. आज हे चार शब्द धड लिहितोय ते त्या सक्तमजुरीतले.

पुढं सर्व्हर बंद पडला. कोर्टाबाहेरचं टेबलही एक दिवस दिसेनासं झालं. मुलाकडं गेले म्हणतात. आता माझ्या खोलीतही नळ आहे. पाणी आलं की हातातलं ठेवून मी मोठ्यानं म्हणतो, "कामकाज तहकूब." शिळं पाणी मात्र, नवं पिपात पडल्याचा आवाज स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय, ओतून देत नाही.