खालून लागलेला खवा

आजाऱ्याला भेटायला येणारी माणसं मला आजाराइतकीच नकोशी वाटतात. मालकांचं उजवं अंग गेलं, वाचा बसली, आणि आमच्या अंगणात या लोकांची जत्राच भरली. हातात बिस्किटाचा पुडा, तोंडावर सुतक. यायचं, खाटेशी बसायचं आणि जित्या माणसासमोर म्हणायचं, "लई चांगला माणूस होता वो." होता! अरे, तो तुमच्याकडंच बघतोय की!

भूम तालुक्यात आमची खव्याची भट्टी. लोकांनी आता यंत्रं बसवली, आमचं अजून हातावरच चालतं. दूध कढईत पडलं की खवा होईस्तोवर उलथनं थांबवायचं नाही. मालक पडल्यापासून भट्टीवर मीच. आणि आमच्याकडची रीत अशी, की भेटायला कुणी आलं तर घरच्या बाईनं हातातलं काम टाकायचं, डोळ्याला पदर लावून समोर बसायचं. मी बसत नव्हते. कढईशी उभ्या उभ्याच "या, बसा" म्हणायची. "बाईला काय दुःख हाय का न्हाय?" असं माझ्याच दारात, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बाया बोलल्या. वर चहा पिऊन गेल्या.

दुःख होतं. हा माणूस दिवसभर भट्टीवर तोंडाचा पट्टा चालवायचा. जाळ जास्त झाला, दूध पातळ आलं, माझं लक्ष नाही, सगळ्यावर बोलायचा. आता भट्टीशेजारीच खाटेवर नुसता वरच्या पत्र्याकडं बघत पडलेला. "बोलतील, किंवा नाही बोलणार. सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणाले. माझ्याशी खरं बोललेला तेवढा एकच माणूस. हातपाय नाही आले तरी चाललं असतं, भट्टी मी ओढली असती. मला मालकांचा आवाज पाहिजे होता. मुक्या घरात घास उतरत नव्हता.

सगळ्यांवर कडी केली ती माझ्या चुलत दिरानं. कुठल्याशा शिबिराला जाऊन आलेला. रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाचं चित्र, खाली आशेवर दोन ओळी. एक दिवस स्वतःच उगवला.

"वहिनी, जरा बसा. मन शांत करा. आशा ठेवली की वाट सापडती."

"भाऊजी, खवा आटत आलाय."

"खवा राहू द्या हो. माणूस महत्त्वाचा."

बायांचं बोलणं मनात सलत होतंच, म्हणून बसले. त्यानं डोळे मिटून लांब श्वास घ्यायला लावला. मीही येड्यासारखे मिटले.

"ला... लागलं!"

डोळे उघडले तर मालकांची मान भट्टीकडं वळलेली.

"आंधळे! लागलं की!"

कढईला खालून खवा लागला होता. पहिला शब्द अडखळला, पण शिवी अगदी स्वच्छ आली. जन्माची सवय ती.

"बघा वहिनी!" दीर उड्या मारायला लागला, "आशेची ताकद!" आशा कसली, बोडक्याची! मी भट्टीकडं पळाले. करपलेला खवा खरवडताना मला हसू आणि रडू एकदमच आलं. पाहुण्यासमोर तेव्हा पहिल्यांदा रडले, तर त्याचंही श्रेय त्यानं शिबिराला दिलं.

नंतर मालक पुन्हा गप्प. मी पुढ्यात बसून बोलत राहिले, मुद्दाम भांडले. काही नाही. पुन्हा पत्र्याकडं डोळे.

आशाबिशा ठेवणारी बाई मी नव्हे. ते रिकामटेकड्यांचं काम. पण एका सकाळी अंगणात कुणी नव्हतं. कढईत चांगलं म्हशीचं दूध आटून घट्ट होत आलं होतं, अन् मी उलथनं बाजूला ठेवलं. खाटेकडं तोंड करून उभी राहिले आणि करपायची वाट बघायला लागले.