चार वर्षांच्या पोरांची नाकं

केंटकीच्या डोंगरातल्या त्या शाळेत व्हर्लीन स्टिडमबाईंनी बावीस वर्षं दुसरीला शिकवलं. मग पट घटला आणि मुख्याध्यापक कॉम्ब्सनी त्यांना चार वर्षांच्या पोरांचा वर्ग दिला. बाईंनी कुरकुर केली नाही. मेणाचे खडू, गोंद, टिशूचे खोके, ओली झाली तर बदलायला चड्ड्या, सगळं पूर्वीसारखंच पदरचे पैसे घालून आणलं.

फेब्रुवारीत त्या वाचनालयात गेल्या. तिथं डॅरेल फ्यूगेट लोकांचे कराचे कागद फुकट भरून द्यायचा. पेन्सिल धरायला त्याला बाईंनीच शिकवलेलं. त्यानं पावत्या चाळल्या आणि मान खाली घातली.

"बाई, वर्गासाठी पदरचा खर्च केला की शिक्षकांना करात मिळते ती तीनशे डॉलरची वजावट यंदा तुम्हाला नाही."

"का? मी काय चोऱ्या केल्या?"

"कायद्यात शिक्षक म्हणजे पाच वर्षांच्या वर्गापासून बारावीपर्यंतचा. चार वर्षांची पोरं त्यात मोडत नाहीत."

"मग मी कोण? आया?"

"मी कुठं म्हणतोय, बाई? तसेही छत्तीसच डॉलर वाचले असते. वाचतो तो त्या तीनशेवर लागणारा कर, तीनशे नव्हेत."

छत्तीस डॉलरनं बाईंचं घर बुडणार नव्हतं. पण खोली बदलली म्हणून आपण शिक्षिकाच उरलो नाही, हे ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्ब्सना तोंडावर सांगितलं, आजपासून माझ्या पैशाची टाचणीसुद्धा वर्गात येणार नाही.

"दर वर्षी म्हणता, बाई," कॉम्ब्स हसले.

आठ दिवसांत टिशू संपले. बाईंनी दोनदा मागणीचा कागद दिला. कोणी हूं की चूं केलं नाही. गुरुवारी त्यांनी गाठींचा दोर काढला. एकेका गाठीला एकेक मूठ, अशी सतरा पोरं ओळीनं कॉम्ब्सच्या खोलीत नेऊन उभी केली.

"ही कसली वरात?"

"नाकं वाहताहेत. पुसा."

"अहो, माझी मीटिंग आहे."

"असू दे. आधी हिचं पुसा, हिला श्वास घेता येईना."

तिसऱ्या पोराला कॉम्ब्सचा रुमाल चिंब झाला. चौथ्यानं तोंड सरळ त्यांच्या पँटला पुसलं. त्यांनी पाकीट काढलं. "हे घ्या वीस डॉलर, आणा टिशू."

"घालाच खिशातले, वजावट मिळेल तुम्हाला. मुख्याध्यापक त्या कायद्यात शिक्षक धरलेत, मी वाचून आले. मी नाही, तुम्ही."

कॉम्ब्सनी पाकीट परत खिशात घातलं. "शाळेच्या पैशाला वर विचारावं लागतं, बाई."

"विचारा. आम्ही बसतो."

बाईंनी पोरांना तिथंच जमिनीवर बसवलं आणि त्या दिवसाचा धडा खणखणीत आवाजात सुरू केला. कॉम्ब्सनी फोन लावून खांद्यात धरला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि वरून मागितलेला मागणीचा कागद शोधत मोकळ्या हातानं ढीग उपसायला लागले. बाईंची मागणी तळाशी सापडली, तोवर पोरं बारापर्यंत मोजायला शिकली होती.

"सही करा," बाई म्हणाल्या, आणि पोरांकडं वळल्या. "हं, बाराच्या पुढं?"